पायथनचं ‘आयपीअ‍ॅड्रेस’ मॉड्यूल : कडक आहे, म्हणूनच आवडतं

अ‍ॅक्सेस लिस्ट वाचणारं सर्व्हर सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं रोजचं काम. कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही, हे कॉन्फिगमधल्या एका ओळीवर ठरतं. ती ओळ तपासायला मी पायथनचं ‘आयपीअ‍ॅड्रेस’ मॉड्यूल वापरतो. ३.३ आवृत्तीपासून ते पायथनसोबतच येतं.

त्याचा कडकपणा मला फार आवडतो. नेटवर्क म्हणून ‘१९२.१६८.१.१०/२४’ दिलं की ते सरळ नाकारतं, कारण /२४ म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे, आणि उरलेले होस्टचे (एकेका मशीनचे) बिट इथे शून्य नाहीत. पुष्कळांना हा जाच वाटतो आणि ते ‘स्ट्रिक्ट’ (ही कडक तपासणी) बंद करून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. लिहिणाऱ्याला एकच मशीन हवं होतं की २५६ पत्त्यांचं अख्खं सबनेट (नेटवर्कचा तुकडा), हे प्रोग्रामने परस्पर ठरवायचं नसतं. इंटरफेसचा (मशीनच्या नेटवर्क जोडणीचा) पत्ता मास्कसकट, म्हणजे नेटवर्कचा भाग कुठवर हे सांगणाऱ्या आकड्यासकट, ठेवायचा असेल, तर त्यासाठी ‘आयपी_इंटरफेस’ वेगळं दिलेलंच आहे.

मास्कचंही तेच. २५५.०.२५५.० मधला प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये बसतो, त्यामुळे साधा रेगेक्स (मजकुराचा साचा तपासणारा नमुना) तो पास करतो. पण बायनरीत १ संपून एकदा ० सुरू झाले की पुन्हा १ येता कामा नये. हे मॉड्यूल नेमकं ते बघतं.

सी भाषेतलं जुनं ‘इनेट_एटॉन’ हे फंक्शन ‘१२७.१’ म्हणजे १२७.०.०.१ समजतं आणि ‘०१०.०.०.१’ ऑक्टल (आठ पायाची संख्या) धरून ८.०.०.१ करतं. इथे दोन्ही बाद. मात्र आवृत्ती बघून घ्या: पुढे शून्य लावलेले आकडे नाकारणं ३.९.५ आणि ३.८.१२ मध्ये आलं. त्याआधीच्या ३.८ आणि ३.९ मध्ये तोच पत्ता १०.०.०.१ म्हणून वाचला जायचा. एकाच पत्त्याचे दोन प्रोग्राम दोन अर्थ लावत असतील, तर अ‍ॅक्सेस लिस्टवर भरवसा कसा ठेवायचा?

दोन गोष्टी मात्र खटकतात. मास्कच्या जागी ०.०.०.२५५ असा वाइल्डकार्ड (मास्कचा उलटा आकडा) दिला तरी ते मुकाट्याने /२४ मानतं. शिवाय स्ट्रिंगऐवजी नुसता पूर्णांक गेला तरी चालतो. १ दिला की ०.०.०.१ हजर. म्हणून आधी टाइप तपासा.

ड्युअल-स्टॅक (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही बोलणारा) सर्व्हर असेल तर आणखी एक. ‘::एफएफएफएफ:१०.०.०.५’ हा आयपीव्ही६ च्या रूपात लिहिलेला आयपीव्ही४ पत्ता १०.०.०.०/८ मध्ये आहे का विचारलं, तर उत्तर ‘नाही’ येतं, कारण आयपीच्या आवृत्त्या वेगळ्या. बंदी घातलेला क्लायंट अशा रूपात आला तर सुटून जाईल. तुलना करण्याआधी ‘आयपीव्ही४_मॅप्ड’मधून मूळ पत्ता काढून घ्या.