नावेचे एस एस (स्टेनलेस स्टील) नट-बोल्ट: आठ महिन्यांनंतर, आणि त्या लोहचुंबकाचं काय झालं

परवा सकाळी नावेच्या मधल्या बाकाचे सहा नायलॉक नट, म्हणजे ढिले पडू नयेत म्हणून आत नायलॉनची कडी असलेले, ग्राइंडरने कापले. जूनमध्येच लावलेले, नवेकोरे. सोडवायला गेलो तर दोन आटे मागे आले आणि तिथेच जाम. पुढेही जाईना, मागेही येईना. एकाला पाइप घालून जोर लावला तर बोल्ट पिळून तुटला, नट जागचा हलला नाही. फळी बदलायला अर्धा तास धरला होता, गेली अख्खी सकाळ. त्या रागात हे लिहितोय, नाहीतर केळीची कापणी चालू असताना एवढा वेळ कुठला.

नाव १४ फुटी, फायबरची, जुनी घेतलेली. तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला आमचा पंप आहे. फुटव्हॉल्व्हचा (पंपाच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गाळ काढायला आणि पलीकडच्या तुकड्यावर जायला ती लागते. जुने बोल्ट चकाकत्या जिंक पॉलिशचे, सगळे गंजलेले. तो जस्ताचा थर काही मायक्रॉनचाच असतो, पान्हा दोनदा लागला की गेला. म्हणून ठरवलं, एकदाच खर्च करू, सगळं एस एस करू.

आता चुंबकाची गोष्ट. जळगावला दुकानात गेलो तो खिशात चुंबक घेऊनच. जुन्या स्पीकरचा, चांगला जड. आपल्याकडे सगळ्यांना ठाऊकच असतं ना, चुंबक चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर खरं एस एस! दुकानदाराने दोन डबे काढले. एकातल्या बोल्टच्या डोक्यावर ए२-७० असं कोरलेलं, दुसरे कोरे, किलोवर विकायचे. मी चुंबक लावला. कोऱ्यांना चिकटला नाही. ए२ वाल्यांना किंचित ओढ लागली. मी दुकानदाराकडे असं बघितलं की जणू त्याची चोरी पकडली. कोरे घेतले, तेही स्वस्तात. घरी बायकोलाही चुंबकाची करामत दाखवली.

दसऱ्यापर्यंत बाकाखालच्या आणि कठड्याच्या वायसरांभोवती तपकिरी ओघळ. आधी वाटलं गाळ असेल. कापडाने पुसलं, आठवड्यात परत हजर. भुसावळला ग्रिलचं काम करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे दोन बोल्ट घेऊन गेलो. त्याने टेस्टिंगच्या बाटलीतला एक थेंब बोल्टच्या डोक्यावर टाकला, छोट्या बॅटरीची टोकं टेकवली. थेंब लालसर झाला. "२०२ आहे," म्हणे. निकेल कमी, त्याजागी मॅंगनीज भरलेलं. एस एसच, पण भांड्यांच्या आणि जिन्याच्या रेलिंगच्या लायकीचं.

आणि ज्यांना चुंबक ओढत होता, ते ए२ म्हणजे खरे, ३०४ जातीच्या एस एसचे होते! १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, ८ टक्क्यांच्या वर निकेल. तारेपासून थंडच ठोकून डोकं बनवतात, आटे दाबून काढतात. त्या ठोकाठोकीत ३०४ मध्ये थोडी चुंबकाची ओढ येते. २०२ ला मात्र बहुतेकदा ओढ नसते. म्हणजे माझ्या चुंबकाने चांगले बाजूला काढून रद्दी निवडून दिली. दुकानदाराने तेव्हा काही म्हटलं नाही, खपवायचा माल खपला. त्याच्यावर राग आहेच, पण स्वतःवर जास्त. आता खूण एकच बघतो: डोक्यावर ए२-७० किंवा ए४ आहे का. ए२ म्हणजे ३०४ जातीचा, ए४ म्हणजे ३१६ जातीचा, आणि ७० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटनची ताकद. कोरं डोकं दिसलं की दुकान बदलायचं.

३१६ वरून आठवलं. ऑक्टोबरमध्ये चिडून इंजिनाच्या चार बोल्टांसाठी ऑनलाइन ३१६ मागवले होते, जवळजवळ दुप्पट भावाने. घाटावरच्या तात्यांना दाखवले. त्यांची लाकडी नाव माझ्या लहानपणापासून पाण्यात आहे. तात्यांनी बोल्ट हातात फिरवला. "अरे भो, तापीच्या पाण्यात मीठ आहे का? समुद्राचे बोल्ट कशाला आणून राहिला?" मला तेव्हा पटलं नाही. आता पटतंय. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं ते खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडसाठी. इथल्या गोड्या पाण्यात चार महिन्यांनी ३१६ आणि नंतर लावलेले ३०४ शेजारी शेजारी तेवढेच चकाकतायत. ते पैसे वाया गेले. तात्यांच्या नावेत अजून वितळलेल्या जस्तात गरम बुडवलेले जी आय बोल्ट आहेत, राखाडी, खरखरीत, जाड थराचे. दिसायला घाण, पण आटे शाबूत. मी त्यांना हसायचो.

नायलॉक जाम का झाले, तेही मिस्त्रीनेच सांगितलं. एस एसवर एस एस जोरात घासलं की वरचा पातळ थर निघतो आणि आतले धातू एकमेकांना डकतात. मी मेहुण्याचं इम्पॅक्ट मशीन लावून घर्रर्र करून नट चढवले होते, कोरडेच. आता आट्यांना ग्रीस, हाताने पान्हा, सावकाश. एक नट चढवायला पूर्ण मिनिट लागतं. नायलॉक काढला की परत वापरत नाही. आतली नायलॉनची कडी ढिली पडते. ही सवय लागायला त्रास होतो, कारण आपल्याला जुना नट फेकवत नाही.

बाकीचं थोडक्यात. फायबरमध्ये सेल्फ स्क्रू जोराच्या जागी घालू नका. माझ्या वल्ह्याची कडी दोन खेपांत उखडली. आरपार बोल्ट, आतून रुंद वायसर किंवा पट्टी. इंजिन बसतं ती मागची फळी फायबरच्या आत प्लायवूडची असते, म्हणून एम ८ (८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टसाठी आधी १२ मिलिमीटरचं भोक पाडलं, इपॉक्सीने भरलं, वाळल्यावर मधोमध साडेआठचं. किचकट काम, पण प्लायला पाणी लागलं तर मागचा भाग कुजणार आणि इंजिन एक दिवस तापीत. बाकाची लाकडी फळी मे महिन्यात इतकी सुकली होती की स्क्रू बोटाने फिरायचे, त्यातले लोखंडी त्यांच्याभोवती काळा डाग सोडून गेले.

सध्या इंजिनाचे ते चार सोडले तर सगळे ए२-७०, डोकी बघून घेतलेले. गळती नाही, ओघळ नाही. फक्त परवाच्या गडबडीत एक नवा नट तळाच्या फळीखाली घरंगळला. चुंबक दोरीला बांधून तासभर फिरवला. दोन गंजके खिळे आणि एक जुनी चावी आली, नट काही आला नाही. नाव वळवली की तो तिथेच खडखडतो.