छर्ऱ्याची बंदूक विकणारं दुकान : पाचपैकी चार तारे

पोरगी तेरा वर्षांची. 2024 साली नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळालं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्यात आम्ही त्याच्याच कोल्हापूरचे. तो 50 मीटरवाला, ही 10 मीटरवर. दुधाळीच्या रेंजवर सहा महिने दुसऱ्याच्या रायफलीवर काढल्यावर सर म्हणाले, घरी हात बसवायला एक साधी घ्या. म्हणून पुण्याला पेठेतलं हे दुकान गाठलं.

काउंटरवर सत्तरीचे काका. रायफल दाखवायच्या आधीच आधार कार्ड मागितलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "कुणासाठी? पाखरं मारायला नाही ना?"

दुसरा कुणी असता तर तडकला असता. मी गप्प बसलो. सातवीच्या सुट्टीत मामाच्या बंदुकीनं मी उंबरावरचा हरियल पाडला होता. उचलला तेव्हा अंग गरम होतं आणि चोचीला उंबराचा गर चिकटला होता. तो आपला राज्यपक्षी आहे हे मला फार उशिरा कळलं.

काकांनी कायदा समजावला तो असा. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरची नळी आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लायसन्स लागत नाही. त्याहून जाड नळी, म्हणजे पॉइंट टूटू (साडेपाच मिलिमीटर), घेतली की लागतं. घरी येऊन मी हिशेब केला. स्पर्धेतल्या रायफलीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटरनं सुटतो, म्हणजे सव्वासात ज्यूलच्या आसपास. हरियलला तेवढीही लागत नाही. मग ती 20ची रेघ नेमकी कुणाला वाचवते?

सगळ्याच एअरगनना, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकांना, लायसन्स लावा, ही मागणी पक्षीवाले करतात ती उगाच नाही. अरुणाचलात 2021पासून गावोगाव लोकांना समजावून एअरगन जमा करून घेतल्या, त्या पाखरांसाठीच. पण लायसन्स म्हणजे पोलीस ठाणं, चौकशी, फायलीचा प्रवास. शस्त्राच्या परवान्याला वयाची अट 21 वर्षांची. शिकणाऱ्या पोरांसाठी कायद्यात वेगळी वाट आहे, पण तीही कागदांतूनच जाते. माझं रजेचं खातं तेवढं भरलेलं नाही. काकांकडे एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे : नाव, पत्ता, रायफलीचा नंबर, कशासाठी घेतली, सही. प्रत्येक दुकानात अशी वही सक्तीची करून तिची एक प्रत चौकीत गेली, तर मला बंधन चालेल. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही तीच सक्ती हवी.

आता माल. भारतीय बनावटीची, स्प्रिंगची, नळी वाकवून भरायची. बिल साडेतेरा हजार, त्यात छर्ऱ्यांचे दोन डबे. नळी वाकवायला पोरीला गुडघ्याचा आधार लागतो आणि स्प्रिंग सुटताना रायफल आधी मागे, मग पुढे उडी मारते. स्पर्धेची रायफल दाबलेल्या हवेवर चालते, तिला हा धक्का जाणवतही नाही. पण तिच्या किमतीत आमची दुचाकी येते. सर म्हणाले, हिच्यावर हात स्थिर झाला तर पुढचं सोपं.

एक तारा कापला तो यासाठी : नेम धरायच्या मागच्या साइटचा स्क्रू पहिल्या आठवड्यातच ढिला झाला. फोन केला तर काकांचा मुलगा म्हणाला, "फेविक्विक लावा." वॉरंटी कार्डावर शिक्काच नव्हता. शेवटी काकांनी स्वतः स्क्रू पाकिटात घालून पाठवला, सोबत वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "जास्त आवळू नये." कार्ड चालत नाही, रोख किंवा यूपीआय. गाडी लांब लावून चालत जा.

रायफल कपाटात कुलपात असते, किल्ली बायकोकडे. पॅसेजमध्ये 10 मीटर कसेबसे बसतात, मधलं दार उघडं ठेवून. टार्गेटच्या मागे पत्र्याची पेटी, तिच्यात जुनी रद्दी कोंबलेली. परवा पेटीचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे जोशी काका खाली आले. म्हणाले, "गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय हो, रविवारी तासभर द्याल का?"

मी त्यांना जाळी बसवणाऱ्याचा नंबर दिला.