मुलांचं हिरवं घर: घेवड्याचा तंबू की सूर्यफुलांची खोली?

बागेत मुलांसाठी झाडांचं घर करायचंय, पण घेवड्याची वेल लावावी की सूर्यफूल, इथेच घोडं अडलंय? दोन्ही एकाच हंगामाची पाहुणी, त्यामुळे टिकाऊपणावर वाद नको.

खर्चात सूर्यफूल स्वस्त. फूटभर अंतराने चौकोनात बी टोचायचं, दारापुरती जागा सोडायची, झालं. घेवड्याला सात-आठ फुटी बांबू लागतात. ते वीतभर तरी खोल रोवून सगळ्यांचे शेंडे एकत्र सुतळीने करकचून आवळा, कारण मुलं लोंबकळणारच!

सावलीत मात्र घेवडा सरस. सूर्यफुलांच्या खोलीला छप्पर नाही, आणि खालची पानं वाळली की भिंतीतून आरपार दिसतं. उंच झाडं फुलं जड झाली की वाऱ्याने लवंडतात. बाहेरून दोरी फिरवावी.

आता धोका. घेवड्याचे कच्चे दाणे पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. सूर्यफुलावर मधमाश्या येतात, तरी मला तो धोका परवडतो.

सगळं तोंडात घालणारं लहान मूल असेल तर सूर्यफूलच लावा. दुपारभर आत खेळणाऱ्या, कळत्या मुलांना घेवड्याचा तंबू. वाऱ्याच्या जागीही तोच.