पाणी तपासणीचा संच : कुपी उत्तम, मीटर फसवे

पाण्याचे प्रदूषण म्हटले की कारखान्याचा फेसाळ, रंगीत नाला आठवतो. परंतु विकसनशील देशांत पिण्याच्या पाण्यातला सर्वांत मोठा धोका मैल्याचा असतो आणि तो बहुधा डोळ्यांना दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये किमान १.७ अब्ज लोक मलदूषित स्रोताचे पाणी पीत होते. त्यामुळे सुटकेसएवढ्या पेटीत मिळणाऱ्या या तपासणी संचाचा कस मी एकाच प्रश्नावर लावला : पाण्यात मैला मिसळला आहे का आणि तो कोठून आला, हे शोधायला याची कितपत मदत होते?

पेटी उघडताच सर्वांत देखणे दिसते ते टीडीएस मीटर, आणि नेमके तेच सर्वांत कमी उपयोगाचे आहे. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू किंवा कीटकनाशके त्याला कळत नाहीत. मैला मिसळलेल्या पाण्यातही आकडा कमी येऊ शकतो आणि वापरणारा निर्धास्त होतो. उत्पादकाने पहिले स्थान नेमके त्यालाच दिले आहे, याला विक्रीकौशल्यच म्हणावे लागेल.

खरी मोलाची आहे ती हायड्रोजन सल्फाइड चाचणीची साधी कुपी. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत अजूनही उपयोगी ठरते. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवली की, मैल्याबरोबर येणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याची कुपीतील लोहाशी अभिक्रिया होते आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडते. हा काळा रंग अशिक्षित माणसालाही समजतो. भूजलात मुळातच सल्फाइड असेल तर निकाल चुकू शकतो, ही मर्यादा माहितीपत्रकात नमूद करायला हवी होती. काळी पडलेली कुपी म्हणजे जीवाणूंची पैदासच असते, म्हणून तिच्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतूनच ती टाकावी; त्याबद्दलही पत्रक गप्प आहे.

कुपीचा खरा उपयोग नमुने कोठून आणि केव्हा घेतले यावर ठरतो. अनेक शहरांत पाणी काही तासच सोडले जाते. ते बंद झाल्यावर नळातील दाब उतरतो आणि शेजारच्या गटारातले पाणी गळक्या सांध्यांतून आत ओढले जाते. पाणी सुटताच एक नमुना आणि अर्ध्या तासाने दुसरा घेतला, आणि पहिला काळा पडून दुसरा स्वच्छ राहिला, तर संशय स्रोताऐवजी जलवाहिनीवर घ्यावा. विहिरीचे पाणी काळे पडले, तर जवळचे शोषखड्डे, विहिरीचा फुटका कठडा आणि सांडपाण्याचा उतार पाहावा. पहिल्या ठिकाणी सांधे दुरुस्त करणे व नळात सतत दाब राखणे, दुसऱ्या ठिकाणी खड्ड्यातला मैला वेळेवर उपसून त्यावर प्रक्रिया करणे, असे उपाय वेगवेगळे होतात. या शोधासाठी पत्रकात पाहणीचा तक्ता द्यायला हवा होता. तो नाही, हा या संचाचा सर्वांत मोठा दोष मला वाटतो.

मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारण्यासाठी पाण्यात अजून शिल्लक असलेला क्लोरीन, मोजण्याची सोय चांगली आहे. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. ते आले नाही, तर मात्रा अपुरी आहे किंवा वाटेत घाण शिरून क्लोरीन खर्ची पडत आहे. डीपीडीचा, म्हणजे क्लोरीन असल्यास पाणी रंगवणाऱ्या रसायनाचा, गुलाबी रंग मात्र दिवसाच्या उजेडातच जुळवून पाहावा. नायट्रेटच्या पट्टीवर ५० आणि १०० मिलिग्रॅमचे रंग इतके जवळचे आहेत की सुरक्षित मर्यादेचा, म्हणजे ५० चा, निर्णय अंदाजानेच करावा लागतो. शेतातील खत आणि शोषखड्डे या दोन्हींतून नायट्रेट येत असल्याने ही उणीव लहान नाही.

क्रोमियम, आर्सेनिक, कीटकनाशके यांपैकी काहीही हा संच ओळखत नाही. चर्मोद्योगाच्या किंवा आर्सेनिकयुक्त भूजलाच्या परिसरात प्रयोगशाळेला पर्याय नाही. पाणीपुरवठा पाहणाऱ्या समितीने हा संच घ्यावा, मात्र कुप्या व क्लोरीन तपासण्याच्या गोळ्या स्वतंत्रपणे पुन्हा मिळतात याची खात्री करून आणि कुप्यांची मुदत तपासूनच. एकट्या कुटुंबाला संपूर्ण पेटीची गरज नाही. सुट्या कुप्या पुरेशा आहेत.