स्मरणशक्तीचा क्लास की अभ्यासाची पद्धत?

“वाचतो पुष्कळ, पण लक्षातच राहत नाही.” असं मूल घरात असलं की पालकांसमोर दोन वाटा येतात. एक म्हणजे स्मरणशक्तीच वाढवायची, म्हणजे संगणकावरचे मेंदूचे खेळ, स्मरणाच्या युक्त्या शिकवणारे वर्ग किंवा बुद्धिबळ. दुसरी म्हणजे स्मरणशक्ती आहे तशी धरून अभ्यासाची रीत बदलायची. पहिली वाट जास्त मोह घालते, कारण डोकं एकदा तल्लख झालं की सगळेच विषय सुधारतील अशी आशा तिच्यात असते. मी दोन्हींना एकच प्रश्न लावते. जे सुधारलं ते शाळेच्या पेपरात उतरलं का, आणि काही महिन्यांनी टिकलं का?

या प्रश्नाचं मोल कळण्यासाठी एक जुना प्रयोग माहीत हवा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्याला आकडे ऐकवून ते क्रमाने परत म्हणायला सांगत. सुरुवातीला त्याला तुमच्याआमच्यासारखे सातच आकडे जमत. २३० तासांहून जास्त सराव केल्यावर तो ७९ आकडे म्हणू लागला. हे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. हा विद्यार्थी लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३४९२ ऐकलं की तो मनात म्हणे, ‘३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाची वेळ!’ मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं ऐकवली, तेव्हा गाडी पुन्हा सहाच्या आसपास आली. स्मरणशक्ती वाढलीच नव्हती. आकडे लक्षात ठेवण्याचं एक कसब तेवढं तयार झालं होतं.

संगणकावरच्या खेळांचं बरंचसं असंच होतं. हे खेळ मुख्यतः ‘वर्किंग मेमरी’वर, म्हणजे कार्यस्मृतीवर काम करतात. हातचा लक्षात ठेवून बेरीज करताना किंवा वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात धरून ठेवताना जी लागते ती ही स्मृती. ती कमी असलेली मुलं अभ्यासात मागे पडतात हे खरं आहे, त्यामुळे ती वाढवावी हा विचार चुकीचा नव्हता. पण ऑस्ट्रेलियात कार्यस्मृती कमी असलेल्या पहिलीच्या ४५२ मुलांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. निम्म्या मुलांना शाळेच्या वेळात २० ते २५ सत्रांचं प्रशिक्षण दिलं होतं. स्मृतीच्या काही चाचण्यांत त्यांची सुधारणा दिसली, पण वाचनात आणि शब्दलेखनात फायदा झाला नाही. दोन वर्षांनी गणितात तर ही मुलं प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा थोडी मागेच होती. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते की हा सराव चालू असताना ती वर्गातल्या शिकवण्याला मुकत होती. आधीच मागे असलेल्या मुलाचा तास असा जाणं परवडत नाही.

२०१६ सालीच अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘लुमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीवर फसव्या दाव्यांबद्दल कारवाई केली आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. खेळाने शाळेतली कामगिरी सुधारते, हा त्या दाव्यांपैकीच एक होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२१ साली सहा ते आठ वर्षांच्या १७,६४८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात आठवड्यांच्या सरावात ज्यांनी दृश्य स्मृती आणि आकृत्यांवरच्या तर्काचे खेळ जास्त खेळले, त्यांची गणितातली प्रगती काहीशी जास्त होती. मात्र त्या कार्यक्रमात संख्यारेषेवरचं गणितही होतं. म्हणजे लहान वयात, गणिताच्या जोडीने, थोडा लाभ होऊ शकतो. खेळ विकणारे जेवढं सांगतात, त्याच्या मानाने तो फारच लहान आहे.

बुद्धिबळ मुलाला आवडत असेल तर जरूर शिकवा. गणित सुधारावं म्हणून शिकवू नका. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळांत हे तपासलं गेलं आणि वर्षभरानंतर गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही.

स्मरणाच्या युक्त्यांचं, म्हणजे ओळखीच्या घरातल्या जागांना गोष्टी जोडणं, आद्याक्षरांचा शब्द करणं वगैरेंचं, स्थान वेगळं आहे. या चालतात. ग्रहांचा क्रम, परभाषेतले शब्द, सनावळ्या अशा सुट्या माहितीसाठी त्या उपयोगी आहेत. पण पाऊस कसा पडतो हे समजावून सांगायचं असेल तर आद्याक्षरं मदतीला येत नाहीत. शिवाय त्या शिकायला दोन-चार दुपारी पुरतात, महिनोन्‌महिन्यांचा वर्ग लागत नाही.

आता दुसरी वाट. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना ४२. इथेच घराघरातली फसगत आहे. परत परत वाचलं की ‘येतंय’ असं वाटतं, आणि ते त्या क्षणापुरतं खरंही असतं. आठवताना अडखळायला होतं, म्हणून मूल म्हणतं, “मला काहीच येत नाही,” आणि आपण पुन्हा पुस्तक त्याच्या हातात देतो. खरं तर ते अडखळणंच कामाचं असतं. आठवायला थोडा वेळ द्यायचा आणि मगच पुस्तक उघडून चूक दुरुस्त करायची.

याच्याच जोडीला अंतर ठेवून उजळणी. एका दिवशी तीन तास बसण्यापेक्षा तेच तीन तास आठवडाभर विखुरले तर जास्त टिकतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच हे स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. गणितात आणखी एक बदल करता येतो. एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग न सोडवता वेगवेगळ्या प्रकारांची मिसळून सोडवायची. सातवीच्या ५४ वर्गांत हे करून पाहिलं. महिन्याने न सांगता घेतलेल्या परीक्षेत मिश्र सराव केलेल्यांना ६१ टक्के गुण मिळाले, एकसुरी सराव केलेल्यांना ३८. कोणती रीत लावायची हे ओळखणं हाही अभ्यासच, आणि सलग वीस उदाहरणांत तो होतच नाही.

या वाटेची अडचण लपवणार नाही. यात चमकणारे तारे नाहीत, पातळ्या नाहीत, मुलाला सुरुवातीला ती आवडत नाही, आणि कुणातरी मोठ्याला शेजारी बसावं लागतं. ज्या घरात संध्याकाळी कुणी मोकळं नसतं तिथे हे अवघड आहे. तिथे शिक्षकांनी तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं ‘मागच्या आठवड्यातलं काय आठवतं’ याला दिली, त्यावर गुण ठेवले नाहीत, तर घराचा भार बराच हलका होतो.

तेव्हा पैसे आणि वेळ मर्यादित असतील तर माझा कौल निःसंशय दुसऱ्या वाटेला. तरीही क्लास लावायचाच असेल तर चालकांना विचारा, “तुमच्या खेळात नाही, शाळेच्या विषयांत काय सुधारलं? आणि क्लास न लावलेल्या तशाच मुलांशी तुलना केली होती का?” उत्तरात पालकांचे अनुभवच ऐकायला मिळाले तर थांबा.

कार्यस्मृती खरोखरच कमी असलेल्या मुलासाठी मात्र अभ्यासाची रीत बदलून भागत नाही, त्याच्यावरचं ओझंही उतरवावं लागतं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग सूचना एका वेळी एकच द्या, गणिताच्या पायऱ्या कागदावर समोर राहू द्या, पाढे येत नसतील तर तक्ता जवळ ठेवा, आणि फळ्यावरून उतरवायला लावण्यापेक्षा छापील पान द्या. दोन मिनिटांपूर्वी सांगितलेलं विसरल्याबद्दल त्याला रागावू नका.