मेणवली की भीमाशंकर?

पुण्याहून एका दिवसात लाकूड आणि जंगल दोन्ही समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते आधी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथे घाईघाईने फोटो काढू नका. एखाद्या सागवानी खांबापाशी बसा, तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, तो कसा टेकलाय ते बघा. मग मान वर करून कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, पाहा. खांबाच्या डोक्यावरून तुळईकडे (छत पेलणाऱ्या आडव्या लाकडाकडे) हात फिरवत गेलं की सुताराची नजर किती पक्की होती ते कळतं. घाटावर कृष्णेकाठी डबा खायचा, बास.

भीमाशंकरला असं घडवलेलं लाकूड फार नाही, तिथे झाडं उभी आहेत. १९८५ साली अभयारण्य झालं, पण देवराया त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनी राखल्या. शेकरू दिसला तर नशीब! परिसरातल्या महादेव कोळी कुटुंबांना झाडं न तोडता हिरड्यातून पैसा मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र श्रावणात आणि शनिवार-रविवारी गर्दी खूप, तेव्हा आडवारी जा.

लहान मुलं सोबत असतील तर मेणवलीच बरी.