घसा दुखतोय: विषाणू की स्ट्रेप? घरी थांबायचं की दवाखान्यात जायचं?

घसा दुखू लागला की अँटिबायोटिकचा विषय लगेच निघतो. पण शाळकरी मुलांच्या दर दहा दुखऱ्या घशांमागे साधारण दोन-तीनच स्ट्रेप्टोकॉकस (थोडक्यात स्ट्रेप) जिवाणूचे असतात. मोठ्यांत त्याहून कमी. बाकीचे बहुतेक विषाणूंचे, आणि त्यांवर अँटिबायोटिक चालतच नाही.

विषाणूच्या दुखण्यात घशासोबत नाक गळतं, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात. स्ट्रेपमध्ये घसा अचानक धरतो. थुंकी गिळतानाही कळ येते, ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर जातो, जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात. मुलांना पोटदुखी आणि उलट्याही होतात. वय 5 ते 15 असेल तर शंका जास्त. 3 वर्षांखाली स्ट्रेप क्वचितच.

यातली सर्वांत उपयोगी खूण म्हणजे खोकला-सर्दी नसणं. टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके मात्र फसवतात. टॉर्च मारून ते दिसले की लोक निदान पक्कं धरतात, पण अनेक विषाणूंतही ते तसेच दिसतात.

म्हणून खोकला-सर्दी असेल, मूल पाणी पीत असेल, तर घरी थांबा. कोमट पाण्यात मिठाच्या गुळण्या, वजनानुसार पॅरासिटामॉल, वर्षाच्या पुढच्या मुलाला मध, एवढं पुरतं. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. ताप आणि दुखणाऱ्या गाठी आहेत, पण खोकला नाही, असं असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. घाबरून रात्रीच गोळी सुरू करायची गरज नाही. दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी ऱ्हुमॅटिक तापापासून (स्ट्रेपनंतर होणारा, सांधे सुजवणारा आणि हृदयाच्या झडपा बिघडवणारा आजार) बचाव होतो. तेवढ्या वेळात तपासणी होते.

तपासणीतही दोन पर्याय आहेत. घशाच्या स्वॅबची (कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्याची) रॅपिड टेस्ट 10-15 मिनिटांत निकाल देते. ती पॉझिटिव्ह आली तर भरवशाची, पण निगेटिव्ह आली तरी काही स्ट्रेप तिच्यातून निसटतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघायला, एक-दोन दिवस लागतात, पण ते जास्त पक्कं. मुलांमध्ये रॅपिड निगेटिव्ह आली आणि शंका राहिली, तर कल्चर करून घ्यावं. स्वॅब अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच घ्यायला हवा.

स्ट्रेप ठरलाच तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन 10 दिवस. इथेच सर्वाधिक चूक होते: दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, घसा मोकळा होतो आणि बाटली फ्रिजमध्येच राहते. हे औषध मुख्यतः ऱ्हुमॅटिक तापापासून हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठी आहे. घसा तर बहुधा आठवड्यात आपोआपही बरा झाला असता. दहा दिवस पाळणं जमणार नसेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन डॉक्टरांना विचारा. ते दुखतं, पण डोस चुकण्याचा प्रश्नच राहत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेली ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पट्टी हा तिसरा पर्याय नव्हे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी ते राखीव असावं, कारण काही स्ट्रेप त्याला दाद देत नाहीत.

औषध सुरू होऊन 24 तास झाले आणि ताप उतरला की मूल शाळेत जाऊ शकतं.

काही लक्षणांत मात्र वाट बघू नका: लाळ गळणं, श्वास घ्यायला त्रास, तोंड न उघडणं, एकाच बाजूला मोठी सूज, लघवी कमी होणं. घशात करडा, चिकट पडदा आणि मानेला सूज दिसली, विशेषतः लसी अपुऱ्या असतील, तर घटसर्प असू शकतो. थेट मोठं रुग्णालय गाठा. तो पडदा खरवडू नका.

घसा बरा झाल्यावर पुढचे महिनाभर लक्ष ठेवा. सांधे एकामागून एक सुजले, धाप लागली, चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर आधी घसा दुखला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.